डावीकडे ओढणारी

बाहेर सेहेचाळीस अंश. फिजिओथेरपीवाली म्हणते,
रोज वीस मिनिटं चाला, पाऊल पूर्ण टेकवून.
फहाहीलमध्ये जुलैत कुठं चालायचं?
म्हणून संध्याकाळी बाजाराला येते,
इथं ज्याला बाजार म्हणतात त्याला:
छताखाली मावलेलं एक थंडगार गाव,
ज्यात एकही वळण अंधारं नाही.

शंभर फिल्सचं नाणं सरकवलं की साखळी सुटते.
ट्रॉली बाहेर येते ती म्हशीसारखी,
अंगानं भरलेली, माझ्याकडे न बघता.
हिच्यात मी गुडघे दुमडून सहज झोपेन.
दहा माणसांच्या घरासाठी घडवलेली वस्तू
आणि माझी यादी:
दही, अर्धा पाव, कोथिंबीर, लिंबं तीन.

कुबडी तिच्यात आडवी टाकते,
दांड्यावर कोपरं टेकते.

मिरजेला शिकत होते तेव्हा आमच्या इनचार्ज सिस्टर म्हणायच्या,
स्ट्रेचर पायानं ढकलायचं, हातानं नाही;
पेशंटला तुझी घाई कळता कामा नये.
किती ढकलले. रस्त्यावर उलटलेल्या गाड्यांतले,
पहिलटकरणी, परातीवरून पडलेली पोरं.
एक म्हातारा लिफ्ट येईपर्यंत माझं मनगट धरून
अरबीत काही सांगत राहिला.
तेव्हा मला भाषा येत नव्हती.
आणि मी पडले कुठं, तर स्वतःच्या न्हाणीत,
साबणाच्या वडीवरून.
घोट्यात एक पट्टी, सहा स्क्रू.
आईला अजून 'मुरगळलाय' एवढंच सांगितलंय.

रिकामी ट्रॉली पळते, हे पहिल्याच दिवशी समजलं.
भार टाकला की ती पुढं,
आणि मी मागून, लंगडत,
लेकरू हातातून सुटलेल्या बाईसारखी.
तांदळाच्या फळीशी एक पोरगा होता,
छातीवर शफीकुल लिहिलेलं.
काही विचारलं नाही त्यानं.
दहा किलोची गोण उचलली, ट्रॉलीत मधोमध ठेवली,
म्हणाला, अब नहीं भागेगा, मॅडम.

तेव्हापासून रोज.
मी आणि माझी गोण. लोणच्यांवरून,
डब्यातल्या माशांवरून, मांजरांच्या खाऊवरून,
खजुरांपाशी थोडं थांबून, कारण तिथं चाखायला देतात.
पुढचं एक चाक डावीकडे ओढतं. मीही.
त्यामुळे कुठूनही निघालो तरी आम्ही
साबणांच्या गल्लीत पोचतो.

परवा चीजपाशी एक अबायातली आजी दिसली,
माझ्यासारखीच दांड्यावर ओणवलेली,
तिची कामवाली मागं फोनवर.
आम्ही एकमेकींच्या ट्रॉल्यांत डोकावलो.
तिच्या एवढ्या मोठ्या ट्रॉलीत मधाची एक बरणी.
माझ्या पायाकडे बघून म्हणाली, सलामात.
तिला काय झालंय ते मी विचारलं,
आणि तिनं सांगितलं, सावकाश, पहिल्यापासून,
कंबर, मग सून, मग पुन्हा कंबर.
वीस मिनिटं तिथंच झाली. चालणं राहिलं.

बिलाआधी शफीकुल गोण काढून घ्यायचा.
रोज तीच असायची.
एका कोपऱ्याला निळ्या शाईचा डाग, मी ओळखायची.

काल तो नव्हता.
सुट्टी असेल, किंवा दुसऱ्या शाखेत,
किंवा गावी, जसं इथं माणूस एकदम गावी असतो.
गोण माझी मीच ओढून घेतली होती, फरफटत, खालच्या फळीवरून.
गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं, हे घ्यायचंय?
मागं पाच माणसं. मी हो म्हटलं.

टॅक्सीवाल्यानं कुरकुरत दुसऱ्या मजल्यावर आणली.
एकटीला पुढच्या रमजानपर्यंत पुरेल.
अजून शिवण उसवली नाही.
दाराशी आहे.
सकाळी खुर्ची ओढून तिच्यावर पाय ठेवते:
टाच खाली, बोटं वर,
दहा वेळा,
मग पुन्हा दहा.